भिंतीवरचा पत्ता

'तंबाखू सोडा, संसार जोडा' हे वाक्य सूचनाकाकांनी भिवंडी तालुक्यातल्या ज्या ज्या भिंतीवर रंगवलं, ते रंगवताना प्रत्येक वेळी त्यांच्या डाव्या गालात तंबाखूची गोळी होती. पिंक टाकायची झाली की हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवून ते लांब गटारापर्यंत चालत जायचे, कारण शेजारच्याच भिंतीवर 'रस्त्यावर थुंकू नका' हेही त्यांनीच लिहिलेलं असायचं. मी एकदा त्यांना हटकलं. म्हटलं, काका, निदान स्वतःचं अक्षर तरी वाचत जा. ते हसले, गोळी या गालातून त्या गालात गेली आणि म्हणाले, "सुमनबाय, मना वाचता येत न्हाय व्हय? मीच लिवलाय त्यो. नुसतं म्हाईत असून सुटत आसतं, तं मी कवाच सुटलो आसतो."

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथेच राहिलं. सरकारी सूचना रंगवणारा पेंटर म्हणून गल्लीतल्या पोरांनी आधी 'सूचना पेंटर' म्हणायला सुरुवात केली, मग वय झालं तसं त्याचं सूचनाकाका झालं. घर आगऱ्यांचं, जुनं. चुलतभावांच्या भाताच्या जमिनींवर आता दापोड्याच्या बाजूला गोडाऊनं उभी आहेत, त्यांच्या दारात मोठाल्या गाड्या आहेत आणि लग्नाच्या हळदीला डीजे आणि बेंजो दोन्ही लागतात. काकांच्या वाट्याचं शेत मात्र त्यांच्या वडिलांच्या दुखण्यात फार आधीच गेलं होतं, गोडाऊनांना भाव यायच्या आधी. शाळा सुटली ती तेव्हाच. एका पेंटरच्या हाताखाली ते बांबूच्या परांचीवर चढले. दुपारी डबा नसायचा. मिस्त्रीने एकदा चिमूटभर तंबाखू हातावर ठेवली आणि सांगितलं, ही धर, भूक मरते. "खरंच मेली," काका सांगायचे, "भूक मेली, तंबाखू ऱ्हायली." हे ते विनोद म्हणून सांगायचे आणि आम्हीही हसायचो.

कामतघरला तलावाच्या बाजूला आमची घरं एकाच भिंतीची. त्यांची चूल पेटली की माझ्या खोलीची भिंत गरम व्हायची आणि माझा मिक्सर लागला की काकू तिकडून "काय गो, काय वाटतंस?" म्हणून ओरडायच्या. ओटाही सामाईक. मी दापोड्याच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला, एकटी. संध्याकाळी ड्युटीवरून आले की पर्स आत टाकून आधी त्या ओट्यावर बसायचं, कारण काकूंचा चहा तयार असायचा आणि काकांकडे दिवसभराची एखादी गोष्ट असायचीच. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनी कधी उगाळलं नाही, निदान माझ्यासमोर नाही.

काकांची एक सवय होती, आणि मला वाटतं तिच्यामुळेच ते नुसते पेंटर राहिले नाहीत. भिंत पुरी झाली, खालची रेघ मारून झाली, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, की ते तिथून निघायचे नाहीत. बिडी ओढायला थांबावं तसे उभे राहायचे. पहिला जो कोणी वाचायला थांबेल त्याला विचारायचे, "वाचलास? आता सांग, जमंल काय?" बस, एवढंच. सरकारी ऑफिसातल्या साहेबांनी मजकूर कागदावर टाइप करून दिलेला असायचा, त्यात हा प्रश्न कुठेच नसायचा. काकू चिडायच्या. "तुमचं काम लिवायचं. इचारायचं कोनी सांगितलाय?" काका म्हणायचे, "अगं, मी काय लिवलाय ते मना तरी कलायला नको?"

एकदा त्यांना पॉवरलूमच्या वस्तीत क्षयरोगाची सूचना रंगवायला पाठवलं. भिंत छान मिळाली, मोठी, ऐन नाक्यावरची. 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास त्वरित तपासणी करा.' निळी अक्षरं, तांबडी किनार. अक्षर देखणं म्हणजे किती देखणं, 'त्वरित'मधला वकार पाहून मी दोनदा रिक्षा थांबवली आहे. रंगवून झाल्यावर काका नेहमीसारखे थांबले. लूमवरचा एक बिहारी माणूस आला, केसांत कापसाचे तंतू, बराच वेळ भिंतीकडे पाहून म्हणाला, "चाचा, डिजाइन बढ़िया है. लिखा क्या है?" सगळी वस्ती हिंदी आणि उर्दू वाचणारी, आणि सूचना शुद्ध मराठीत. काकांनी त्याला हिंदीत समजावून सांगितलं आणि वर आपला प्रश्न विचारलाच. तो माणूस म्हणाला, "चाचा, जाँच सुबह होती है. सुबह मेरी शिफ्ट है. एक दिन शिफ्ट छोड़ी तो मेरे लूम पे दूसरा आदमी खड़ा मिलेगा." मग थोडं खोकून वर म्हणाला, "खाँसी तो फिर भी मेरी है, लूम मेरा नहीं है."

त्या संध्याकाळी काकांनी चहा गार होऊ दिला. "त्याला सगला म्हाईत हाय गो," ते म्हणाले. "तो अडानी न्हाय. आपन अडानी." मी म्हटलं, काका, तुम्ही आता भाषणं करायला लागलात. तेव्हा ते हसले, पण त्या दिवसापासून त्यांच्या त्या प्रश्नातली मजा कमी झाली आणि उत्तर ऐकण्याची भूक वाढली. 'पाणी उकळून प्या' खाली एका बाईने त्यांना विचारलं होतं, गॅस कोण भरून देणार. 'दारू सोडा'खाली एका हमालाने आपला खांदा उघडा करून दाखवला होता, गाठ आलेला, आणि म्हणाला होता, रात्री हा झोपू देत नाही. काका या सगळ्या गोष्टी आम्हाला सांगत आणि शेवटी दोन्ही हात पसरत. आपल्याला काही उत्तर सुचत नाही, हे कबूल करायला त्यांना कधी लाज वाटली नाही. मला हे त्यांचं फार आवडायचं.

आणि मग शेवंती आली. म्हणजे आधी काका तिच्याकडे गेले. गणेशपुरीच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक आदिवासी पाडा आहे, तिथे त्यांना एक भिंत मिळाली होती. पाड्यात विटांची भिंत एकाच घराला, बाकी सगळी कुडाची. सूचना होती, 'मुलीचे लग्न अठरा वर्षांनंतरच.' घरातली पंधरा वर्षांची मुलगी दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली, खडूची रेघ मारायला तिनेच मदत केली, आणि एकेक अक्षर उमटेल तसं मोठ्यांदा वाचत गेली. त्या घरात वाचता येणारी ती एकटीच. वाक्य पुरं झालं तशी ती आत निघून गेली. काकांनी तिच्या बापाला, लहान्याला, विचारलं, वाचून दाखवलं ना पोरीने, जमेल काय? लहान्या म्हणाला, "अक्षर लय ब्येस काडलाव. पन हिचा लगीन हाय दिवालीचे आदी. मांडव ह्येच भितीम्होरं घालाचा."

लहान्या दुष्ट नव्हता, दारुडाही नव्हता. त्याने काकांना खाटेवर बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. दिवाळी झाली की पाडा वीटभट्टीवर जातो तो पाऊस तोंडावर आला की परततो. भट्टीवर माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. एकाने चिखल करायचा, दुसऱ्याने विटा थापायच्या. नवरा-बायको मिळून एक जोडी. शेठ उचल देतो ती जोडीला, झोपडीला जागा देतो ती जोडीला. एकट्या पोरीला भट्टीवर जागा नाही, आणि नेली तरी तिथे रात्री तिच्यावर नजर ठेवत बसायचं का दिवसभर विटा थापायच्या? मागे पाड्यात ठेवावी तर पाडा रिकामा, चार म्हातारी माणसं तेवढी उरतात. आश्रमशाळेतलं तिचं नाव दोन हंगाम भट्टीवर गेल्यामुळे कमी झालेलं. लग्न करून दिलं की तिची न् ठरवलेल्या पोराची जोडी होते आणि बापाचा घोर जातो. "अठरा कलतंय आमाला," लहान्या म्हणाला. "तवरक तिला ठेवू कुठं, त्ये लिवा ना भितीवर."

काका घरी आले तेव्हा त्यांच्या बोटांवरचा रंगही त्यांनी काढला नव्हता. जेवायला बसले नाहीत. काकूंनी ताट झाकून ठेवलं आणि ओट्यावर येऊन आमच्यात बसल्या. काकांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी ते वाक्य दोनदा म्हटलं, ठेवू कुठं ते लिवा. काकू तांदूळ निवडत होत्या. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मंग आना तिला. आपली मागली खोली रंगाचे डब्यांना पोसतंय, तिला पोसंल." इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न काकांनी पहिल्यांदा घरात विचारला. "जमंल काय तुला?" काकू म्हणाल्या, "न जमायला काय जालं? मी काय सरकार हाय?"

रविवारी आम्ही तिघं एसटीने वज्रेश्वरीला उतरलो आणि पुढे रिक्षाने, मग पायी पाड्यावर गेलो. मला काकूंनीच ओढून नेलं होतं. नोकरीवाली बाई बरोबर दिसली म्हणजे विश्वास बसेल, असं त्यांचं गणित. ते साफ चुकलं. लहान्याने आम्हाला पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि सरळ विचारलं, "शेरातली मानसं आमची पोर कशाला नेतात, आमाला म्हाईत हाय. भांडी घासाला का?" मला राग आला. काकूंना नाही आला. त्या म्हणाल्या, "बरोबर इचारतंस. उद्या तू घर बगाला ये. घर बग, मानसं बग, शेजार बग. नाय पटला तं च्या पिऊन माघारी जा." सगळा वेळ शेवंती दारामागे उभी होती. तिची फक्त बोटं दिसत होती, दाराच्या कडेवर, घट्ट.

लहान्या खरंच आला, बायकोला घेऊन. उंबऱ्यातच बसला. त्याने मागची खोली पाहिली, तिला आतून कडी आहे का हे पाहिलं, माझ्याही घरात डोकावून गेला. चहा प्याला, पण उठला नाही. जोडी मोडली तर पोराकडचे काय म्हणतील, शेठला काय सांगायचं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मागे शेवंतीची आई बसली होती. बारीक बाई, हाताच्या बोटांची कातडी चिखलाने कायमची फाटलेली. ती खाली बघत म्हणाली, "माजी जोडी लावली तवा मी येवढीच व्हतू. पयला पोर भट्टीवरच मेला माजा. ठेव हिला हितं." लहान्याने मान वर केली नाही, पण होकारार्थी हलवली. पोराकडच्यांनी पुढे कुरकुर केली, मग ते पोरगं चुलत्याच्या जोडीला हातभार म्हणून भट्टीवर गेलं. मांडव पडला नाही.

शेवंती दिवाळीनंतर आली ती कपड्यांचं एक गाठोडं आणि एक कोंबडी घेऊन. कोंबडी आईने काकूंसाठी दिली होती. काकूंनी ती कापू दिली नाही आणि पुढे प्रत्येक अंड्यामागे ओरडून तिने सगळ्या गल्लीला छळलं. जवळच्या शाळेतल्या मोठ्या बाईंना काकूंनी कशी गळ घातली ते मला माहीत नाही, पण त्यांनी शेवंतीला वर्गात बसू दिलं. पहिले काही दिवस ती रात्री रडायची, भिंत एकच असल्यामुळे मला ऐकू यायचं. मग रडणं थांबलं आणि पाढे सुरू झाले. काकांच्या तंबाखूशी मात्र तिने पहिल्या महिन्यातच वैर धरलं. डबी कधी पिठाच्या डब्यात, कधी माझ्या गच्चीवर सापडायची. काका ओरडले की ती ओट्यावर उभी राहून, हात कमरेवर ठेवून, अगदी त्यांच्याच सुरात विचारायची, "काका, तुमीच लिवलाव. आता सांगा, जमंल काय?" काका म्हणायचे, "न्हाय जमत गो बाय." आणि दोघंही हसत सुटायची. आता ते आठवलं की मला हसू येत नाही.

पुढच्या वर्षी हंगामाआधी काका त्या पाड्यावर स्वतःहून गेले, ऑफिसचं काम नसताना. अठरा वर्षांचं वाक्य ठेवलं आणि त्याखाली स्वतःच्या रंगाने लिहिलं, 'भट्टीवर जाताना पोरगी आमच्याकडे ठेवा. कामतघर, तलावाच्या बाजूला, सूचना पेंटर.' साहेब जीपमधून पाहणीला गेले तेव्हा त्यांना हे दिसलं आणि काकांना बोलावणं आलं. मंजूर मजकुरात खाजगी पत्ता कसा काय घातला? पुसा. काका म्हणाले, "पुसतो साहेब. पन आदी वरचा वाचा, मंग खालचा वाचा, आन् सांगा, कंचा जमंल?" साहेब चिडले, पण पुसायला माणूस कोण पाठवणार? काकांशिवाय दुसरा पेंटर त्यांच्याकडे नव्हताच. पत्ता राहिला.

त्या भिंतीने मुली आणल्या. कधी एक, कधी तीन. मागच्या खोलीतले रंगाचे डबे ओट्यावर आले, मग ओट्यावरून माझ्या न्हाणीत. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. एका मुलीला तिचा बाप होळीला म्हणून घेऊन गेला आणि तिकडेच तिचं लग्न लावून मोकळा झाला. त्या दिवशी काका तलावावर जाऊन बसले ते अंधार पडेपर्यंत. मी बोलवायला गेले तेव्हा म्हणाले, "सुमनबाय, खोली वाढवाय पायजेल. तुजे घरात जागा हाय. तुला जमंल काय?" मी म्हटलं, काका, मला ड्युटी आहे, सकाळी सात वाजता निघते मी, पोरी कोण बघणार? त्यांनी आग्रह केला नाही. त्यांनी कोणालाच कधी आग्रह केला नाही, फक्त विचारलं, आणि उत्तर खरं मानलं.

मग फ्लेक्स आले. सूचना छापून यायला लागल्या, त्यांवर हसणाऱ्या गोऱ्या मुलींचे फोटो, आणि वाऱ्याने फाटले की पाड्यातले लोक ते झोपडीवर पावसासाठी ताणून घ्यायचे. काका म्हणायचे, माझ्या अक्षराचा एवढा उपयोग कधी झाला नाही. त्याच सुमारास त्यांच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. तो काय आहे हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळलं. त्याची चित्रं त्यांनीच दवाखान्यांच्या भिंतींवर रंगवली होती. मुंबईच्या इस्पितळात गाल कापला, जबडा कापला, बोलणं गेलं. शेवंती तेव्हा माझ्याच गोडाऊनमध्ये स्कॅनिंगला लागली होती, रजा टाकून ती त्यांच्या उशाशी बसायची. शेवटी शेवटी ते बोट हवेत फिरवायचे, जसं कोरी भिंत दिसली की पूर्वी फिरवत तसं, अक्षरांची मापं घेत. एकदा त्यांनी आपल्या गालाच्या बँडेजकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवली, मग शेवंतीकडे बोट दाखवून होकारार्थी. ती म्हणाली, "कलला काका. माजं जमलं." त्या आठवड्यात ते गेले. इतका चांगला माणूस मी पुन्हा पाहिला नाही, हे मी कुठलीही भीड न ठेवता लिहिते.

काकूंचे गुडघे त्यानंतर पार गेले आणि भाचीने त्यांना पनवेलला नेलं. घराला कुलूप लागलं. माझी भिंत सकाळी गरम व्हायची थांबली. शेवंतीने लग्न केलं, बाविसाव्या वर्षी, आमच्याच गोडाऊनमधल्या एका मुलाशी, आणि ती वज्रेश्वरी रोडला राहायला गेली. मी धरून चालले की आता ते सगळं संपलं.

यंदा दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी कामाला निघत होते. चप्पल पायात, पर्स खांद्याला. ओट्यावर एक माणूस, एक बाई आणि एक मुलगी उभी होती, मुलीच्या हातात गाठोडं. माणूस काकांच्या दाराचं कुलूप हलवून बघत होता. मी सांगितलं की काका वारले, काकू इथे नसतात, आता इथे कोणी मुली ठेवत नाही. पत्ता जुना आहे तो, कोणी दिला तुम्हाला?

"जुना कसा?" तो म्हणाला. "आवंदाच रंगवलाय. शेवंती म्हनून हाय, ती दर साल दिवालीचे आदी येतं आन् रंगवून जातं. नवा पन लिवलाय तिनं खाली." मग त्याने पोरीकडे पाहिलं, आणि ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "कुलूप असेल तर शेजारच्या सुमनताईंकडे."

रोज गोडाऊनमध्ये माझ्यासमोर बसून डबा खाणारी ही बया. एका शब्दाने बोलली नव्हती. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. मुलगी माझ्या दाराच्या कडेला हात लावून उभी होती आणि तिची बोटं, मी पाहिलं, घट्ट होती.

"तुमीच का त्या ताई?" तिच्या बापाने विचारलं. "जमंल काय तुमाला?"

मी पायातली चप्पल काढली आणि दार मागे ढकललं. "जमेल," म्हटलं, "आत या."